साळवे मॅडमचा अर्धा मिलिमीटर

आमच्या संस्थेत मेंढी कधी मरत नसे. तिचा ‘प्रयोग पूर्ण’ होत असे. जुन्या शास्त्रज्ञांपैकी कुणी असेल तर तो ‘सॅक्रिफाइस केली’ म्हणे आणि पुढच्या विषयाकडे वळे. डॉ. सुजाता साळवे नव्याने रुजू झाल्या, त्या पहिल्याच मीटिंगमध्ये हे वाक्य कुणीतरी बोललं आणि त्यांनी मान वर केली.

“कोण पूर्ण झालं?”

“मागच्या आठवड्यातली मेंढी, मॅडम.”

“मारली ना आपण तिला?”

सांगणारा हातातल्या वहीत बघू लागला.

“मग मारली म्हणा. बळी वगैरे म्हणू नका. तिने काही नवस बोललेला नव्हता.”

टेबलाच्या टोकाला आमचे संचालक डॉ. धुमाळ बसले होते. ते हसले. नवीन माणूस आहे, हळूहळू रुळेल, असं त्या हसण्यात होतं. मी कोपऱ्यात बसलो होतो आणि मलाही तसंच वाटलं होतं. साळवे मॅडम पुढे चार-साडेचार वर्षं आमच्याकडे होत्या. रुळल्या मात्र नाहीत.

मी मूळचा राहात्याचा. आधी एका दवाखान्यात माणसांचे एमआरआय काढत होतो. नंतर नगर-पारनेर रस्त्याला माळावर ही संशोधन संस्था निघाली, तिथे एमआरआयच्या मशीनवर मला नोकरी लागली. माणसं मशीनमध्ये घाबरतात, श्वास रोखतात, मध्येच खोकतात. इथे भूल दिलेल्या मेंढ्या. काम सोपं असेल असं वाटलं होतं.

काम असं होतं. हातापायांना कंप सुटण्याचा जो आजार असतो, त्यावर औषध थेट मेंदूच्या आतल्या भागात सोडायचं, अशी एक उपचाराची पद्धत तयार होत होती. माणसावर करण्याआधी ती मोठ्या जनावरावर करून पाहावी लागते. उंदराचा मेंदू शेंगदाण्याएवढा, त्यावरून फारसं कळत नाही. मेंढीचा मेंदू लहान मोसंबीएवढा असतो आणि त्याला माणसाच्या मेंदूसारख्या घड्या असतात. मी आधी एमआरआय काढायचा. त्या चित्रावर संगणकात निशाणा ठरवायचा. मग मेंढीच्या डोक्याला चौकट बसवून, कवटीला बारीक भोक पाडून, एक नळी त्या निशाण्यापर्यंत न्यायची. निशाणा तुरीच्या दाण्याएवढा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. सगळी भिस्त माझ्या चित्रावर आणि त्या चौकटीवर.

शस्त्रक्रिया करायला पुण्याहून डॉ. केतकर येत. माणसांच्या मेंदूचे मोठे सर्जन, हात अतिशय हलका. साळवे मॅडम जनावरांच्या डॉक्टर. त्यांना घेतलं होतं भूल द्यायला आणि मेंढ्यांची तब्येत सांभाळायला.

त्या आल्यानंतरची पहिली शस्त्रक्रिया मला लख्ख आठवते. केतकरांनी नळी नेली, काढली, टाके घातले. मी पुन्हा एमआरआय काढला. नळी जिथून गेली तिथली पांढरी रेघ पडद्यावर दिसत होती. निशाण्याच्या शेजारून ती सरळ खाली गेली होती.

धुमाळ सरांनी मोजून घेतलं. “तीन मिलिमीटर. मोठ्या जनावरात एवढं चालतं.”

“कुणाला चालतं?” मॅडमनी विचारलं.

सरांना वाटलं, त्या थट्टा करताहेत. मॅडम थट्टा करत नव्हत्या. त्या मेंढीच्या तोंडातली श्वासाची नळी काढत होत्या आणि हातातलं काम न थांबवता त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडकडे गेलो. शेडचं काम भागाजी मामांकडे होतं. मामा धनगर, उभा जन्म मेंढ्यांत गेलेला. ते कुंपणाला टेकून उभे होते आणि आत ती मेंढी डावीकडे गोल गोल फिरत होती. थांबायची, पडायची, उठून पुन्हा तशीच फिरायची. मॅडम आत जमिनीवर बसल्या होत्या. मेंढी फिरत त्यांच्यापर्यंत आली की तिच्या मानेला हात लावून तिला क्षणभर थांबवायच्या.

“बाई, हिला काय झालं व्हो?” मामांनी विचारलं. “सकाळधरनं अशीच फिरतीया. आमी लई मेंढरं बघितली, पन असं न्हाई बघितलं.”

“आपण चुकलो, मामा. जिथं जायचं तिथं गेलो नाही. दुसऱ्याच जागेला लागलं.”

“मग आता?”

“आता ही फुकट गेली. नळी निशाण्यावर गेली असती, तर औषध चालतं की नाही हे तरी कळलं असतं. आता काहीच कळणार नाही. हिच्या जागी दुसरी आणतील. तीही चुकली तर तिसरी.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “जगताप, माणसाच्या डोक्यात तीन मिलिमीटरवर काय काय असतं माहीत आहे? बोलणं असतं. गिळणं असतं. चालतं म्हणे.”

संध्याकाळी त्यांनी त्या मेंढीला स्वतःच्या हाताने शेवटचं इंजेक्शन दिलं. नंतर हात धुऊन डबा उघडला आणि भाकरी खाल्ली. मी बघत राहिलो, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. “मी उपाशी राहिले तर तिला काय मिळणार आहे?” त्या म्हणाल्या.

त्या बेलापूरच्या. उंचीने कमी, चाल भराभर, केस इतके घट्ट बांधलेले की बघणाऱ्याला ओढ बसावी. बडीशेप सतत खिशात. मीटिंगमध्ये त्या पुस्तकी मराठी बोलत, पण भांडण सुरू झालं की घरची भाषा बाहेर येई. त्या ‘आहे’चं ‘हाय’ करू लागल्या की आम्ही समजायचो, आता माघार नाही.

रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका वरिष्ठांनी जेवताना त्यांना विचारलं, “मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“बेलापूर.”

“नाही, म्हणजे मूळच्या...”

मॅडमनी डबा बाजूला सरकवला. “साळवे. बौद्ध. माझे आजोबा बौद्ध झाले तेव्हापासून. तुम्हाला हेच विचारायचं होतं, मग गाव कशाला मध्ये घालता?” आणि डबा पुन्हा पुढे ओढून त्या जेवू लागल्या. ते गृहस्थ नंतर त्यांच्या समोर बसले नाहीत. मॅडमनी मात्र टेबल बदललं नाही.

आणखी एक प्रश्न त्यांना लोक विचारत. एवढ्या जिद्दीने नळीच्या नेमाच्या मागे लागल्यात, म्हणजे घरात कुणाला तरी कंपाचा आजार असणार. वडिलांना? आईला? विचारणाऱ्याचा चेहरा आधीच हळवा झालेला असायचा.

“माझ्या घरात कुणाला नाही,” त्या सांगत. “कुणाच्या तरी घरात आहे. तेवढं पुरत नाही का?”

नेम का चुकतो, याचा शोध त्यांनी एकटीने सुरू केला. वापरात होती ती चौकट माणसाच्या डोक्यासाठी बनवलेली, परदेशातून आलेली आणि फार मानाची. कानांत दोन दांडे आणि तोंडात एक पट्टी, अशी ती डोकं धरून ठेवायची. ती पट्टी वरच्या पुढच्या दातांना अडकते. मेंढीला वरचे पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. पट्टी त्या हिरडीवरून घसरत होती. कानांचे दांडेही नीट बसत नव्हते, कारण मेंढीच्या कानांची भोकं तिरकी असतात.

“म्हणजे चौकट डोक्याला धरतच नाही?” केतकरांनी विचारलं.

“डोकं चौकटीत ठेवलेलं असतं. धरलेलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “आणि दुसरं. जगताप हिला कुशीवर झोपवून फोटो काढतात. मग तिला ट्रॉलीवर घालून आपण खोलीबाहेर नेतो, पोटावर बसवतो, पुन्हा चौकट लावतो. एवढं हलवल्यावर आधीच्या नकाशाचा काय उपयोग?”

केतकरांनी ती पट्टी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. माणसांमध्ये हे सगळं जुळून येतं, म्हणून त्यांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं. “तुमचं बरोबर आहे,” ते म्हणाले. धुमाळ सर म्हणाले, “नवीन चौकट बनवत बसलो तर वर्ष जाईल. वरून विचारणा होतेय.”

“मग वर सांगा की वर्ष जाईल.”

“तसं सांगता येत नाही, मॅडम.”

“मी सांगू का?”

धुमाळ सर वाईट माणूस नव्हते, हे इथे सांगायला हवं. माळावर ही इमारत त्यांच्या धडपडीने उभी राहिली होती. दर महिन्याला त्यांना कुणाकुणासमोर जाऊन काम कुठपर्यंत आलं ते सांगावं लागे, आणि समोरच्याला फक्त पुढे गेलेलं ऐकायचं असे. ते नाही म्हणाले. जिवंत मेंढी नव्या चौकटीच्या नादात वापरायची नाही, असंही म्हणाले.

मॅडमनी तेवढंच धरलं. जिवंत नाही ना? ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नगरच्या मटण मार्केटमध्ये गेल्या. ही गोष्ट मला नंतर स्वतः सलीमभाई खाटकानेच सांगितली. बाईंनी मेंढीच्या तीन मुंड्या मागितल्या.

“भाजून देऊ का साफ करून?”

“कच्च्याच द्या. मेंदूसकट. आणि कवटीला सुरा लावू नका.”

“मेंदू वेगळा काढून दिला तर भाजीला बरा पडतो, बाई.”

“आतच राहू द्या. मला तो जिथल्या तिथे पाहिजे.”

सलीमभाईने पिशवी बांधून दिली आणि शेजारच्या दुकानदाराला म्हणाला, ही बाई एक तर डॉक्टर असेल नाहीतर भानामतीवाली.

पिशवी घेऊन मॅडम थेट संचालकांच्या खोलीत गेल्या. मी तेव्हा सरांसमोर मशीनच्या दुरुस्तीबद्दल बोलत उभा होतो. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. काचेवर जरा ओल उमटली.

“काय आहे हे?”

“मेंढीची डोकी. मेलेली, खाटकाकडची. रविवारी मशीन रिकामं असतं. ह्यांच्यावर चौकट बसवून पाहायची आहे. तुम्ही जिवंत मेंढीला नाही म्हणालात, म्हणून ही आणली.”

“मॅडम, मी विचार करून सांगतो.”

“करा. पण लवकर करा. ऊन वाढतंय.”

सरांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.

मग आमचे रविवार सुरू झाले. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमधून मॅडमनी कडक पांढऱ्या प्लॅस्टिकची चौकट कापून घेतली. तिच्यात लोखंडाचा कण चालणार नव्हता, कारण माझं मशीन म्हणजे मोठं चुंबक. ती चौकट दातांवर, कानांवर अवलंबून नव्हती. कवटीच्या हाडालाच ती चार बाजूंनी घट्ट धरायची. डोकं एकदा तिच्यात बसलं की एमआरआयपासून शेवटच्या टाक्यापर्यंत तिथून हलायचं नाही, अशी त्यांची अट होती. चित्रात चौकटीची जागा नेमकी कळावी म्हणून खुणा हव्या होत्या. विकतच्या खुणा महाग आणि लांबून येणाऱ्या. मॅडमनी औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल आणल्या आणि चौकटीच्या खोबणीत बसवल्या. आत तेल असल्यामुळे त्या माझ्या चित्रात चांदण्यांसारख्या चमकल्या.

पहिल्या रविवारी चित्राच्या मध्यभागी एक मोठा काळा डाग आला. अर्धं डोकंच गायब. वर्कशॉपवाल्याने पितळेचे म्हणून दिलेल्या स्क्रूंपैकी एक आतून लोखंडी निघाला, वरून नुसता मुलामा. मॅडम तो स्क्रू घेऊन सोमवारी त्याच्या दारात उभ्या राहिल्या. तो म्हणाला, एकच तर आहे. मॅडम म्हणाल्या, “डोकंही एकच हाय.” बाकीचे स्क्रू तिथेच उभं राहून त्यांनी चुंबक लावून तपासून घेतले.

माझ्या घरच्या पेरूंनीही त्या कामात हातभार लावला. राहात्याहून येताना मी पेरू आणत असे. मॅडम ते चायना ग्रासच्या जेलीत बसवत आणि पेरूच्या आतली एक बी निशाणा म्हणून धरत. नळी आत गेली की मी चित्र काढायचं. बी चुकली की चौकट खोलून पुन्हा बसवायची. सलीमभाईच्या मुंड्या आणि माझे पेरू यांत पावसाळा गेला आणि हिवाळाही सरत आला. नेम जवळ जवळ येत चालला.

आणि तेव्हाच त्यांना शस्त्रक्रियेच्या कामातून काढलं.

झालं असं की वरच्या अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत मॅडमनी, कुणी विचारलेलं नसताना, जुन्या चौकटीचा नेम चुकतो आणि त्यात मेंढ्या वाया जातात, असं उभं राहून सांगितलं. धुमाळ सरांचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात हुकूम निघाला. साळवे मॅडमनी यापुढे फक्त शेड सांभाळायची. चारा, लसी, खुरं कापणं. भूल द्यायला दुसरा डॉक्टर येईल.

आम्हाला वाटलं, त्या सोडून जातील. त्या दुसऱ्या दिवशी गमबूट घालून शेडमध्ये हजर झाल्या. भागाजी मामांना वाईट वाटत होतं. “बाई, तुमच्यासारख्या मानसानं हितं शेण तुडवायचं म्हंजी...”

“मामा, मी जनावरांचीच डॉक्टर आहे. शेणाला कधीपासून लाजायला लागले?”

त्याच हिवाळ्याच्या शेवटी मोठे पाहुणे येणार होते. मुंबईहून, दिल्लीहून. त्यांच्यासमोर एक शस्त्रक्रिया करून दाखवायची होती, आणि ती जुन्या चौकटीतच, कारण नव्या चौकटीला अजून सरांची मान्यता नव्हती. सकाळी पाहुणे खुर्च्यांवर बसले. केतकर तयार होऊन उभे राहिले. मेंढी काही येईना. निरोप गेला, दुसरा गेला. शेवटी धुमाळ सर स्वतः शेडकडे निघाले आणि मला बरोबर घेतलं.

मॅडम फाटकात उभ्या होत्या. मेंढी आत शांतपणे रवंथ करत होती.

“मेंढी पाठवा, मॅडम.”

“नाही.”

“काय?”

“जनावर शेडबाहेर न्यायचं तर शेडच्या डॉक्टरची संमती लागते. नियम आहे. शेडची डॉक्टर मी आहे. तुम्हीच केलंय मला.”

“तिला काय झालंय?”

“तिला काही झालेलं नाही. मेंढी तंदुरुस्त आहे. चौकट नाही.”

सरांचा आवाज चढला. “पाहुणे बसलेत तिकडे!”

“बसू द्या. चहा पाजा त्यांना.”

“हे सरळसरळ बंड आहे.”

“व्हय,” मॅडम म्हणाल्या. “हाय.”

मामा मागे हटले. सरांनी कामावरून काढण्याचं बोलून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, जरूर काढा, पण काढेपर्यंत ही मेंढी माझी आहे, आणि जी चौकट डोकं धरत नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तिच्यात मी हिला घालू देणार नाही. त्यांनी फाटकाची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

कोंडी फोडली ती केतकरांनी. हिरवा झगा तसाच अंगावर ठेवून ते माळ तुडवत आले. सगळं ऐकलं आणि म्हणाले, “धुमाळसाहेब, मी त्यांच्या चौकटीत करतो. रविवारी दोनदा येऊन पाहिलीय मी ती. नाहीतर आज मीही करत नाही.”

सर परत फिरले. आम्ही त्याला होकार समजलो.

त्या दिवशी मॅडमनी भूल दिली. पोटात गॅस धरू नये म्हणून नळी घातली, मेंढीला पोटावर बसवलं, चौकट हाडाला घट्ट केली. एमआरआय त्याच अवस्थेत. भोक, नळी, टाके, सगळं तिथेच. मग मी शेवटचं चित्र काढलं. पांढरी रेघ थेट निशाण्यात उतरलेली दिसली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धुमाळ सरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटकेचं हसू आलं.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. त्या पडद्याजवळ गेल्या होत्या. “निशाण्यात आहे, पण मध्यावर नाही. अर्धा मिलिमीटर वरच राहिलंय.”

“मॅडम,” सर हळूच म्हणाले, “अर्धा.”

“काल तीन चालत होते. आज अर्धा चालेल. हे चालवून घेणं थांबवायचं कधी?”

पाहुण्यांमधल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, “कशामुळे चुकलं असेल?”

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “शोधते.”

पाहुणे गेल्यावर सर त्यांच्यावर ओरडतील असं मला वाटलं. तसं झालं नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, “टाळ्या तरी पूर्ण होऊ द्यायच्या होत्या.”

कारण सापडायला पुढचे कित्येक महिने लागले. कवटीला भोक पडलं की मेंदूभोवतीचं पाणी थोडं झिरपून जातं आणि मेंदू जागेवरच किंचित बसतो. आम्ही नकाशा काढलेला असतो बसण्याआधीचा. मॅडमनी भोक आणखी लहान केलं, ते लगेच बंद करायची रीत बसवली. आणि नळी थेट निशाण्यावर न्यायची नाही, अर्ध्या वाटेत थांबायचं, पुन्हा एमआरआय काढायचा, मेंदू जेवढा सरकला असेल तेवढा नेम बदलायचा आणि मगच पुढे जायचं, हे ठरवलं. केतकरांसारख्या सर्जनला मध्येच हात थांबवून उभं राहायला लावणं सोपं नव्हतं. पहिल्यांदा ते चिडले. मॅडम म्हणाल्या, “तुमचा हात चुकत नाही हो. मेंदू हलतो.” ते थांबले.

त्यानंतर नेम लागू लागला. एकदा योगायोगाने नव्हे, पुन्हा पुन्हा. औषधाचा परिणाम होतो की नाही, हे पहिल्यांदाच खात्रीने सांगता येऊ लागलं. नव्या मेंढ्या आणणं कमी झालं. शेडचे दोन कप्पे रिकामे राहिले आणि मामांनी त्यांत मेथी लावली.

तरीही ज्या मेंढ्यांवर प्रयोग होई त्यांना शेवटी मारावं लागेच, मेंदू उघडून तपासायला. ते काम मॅडमनी कधी दुसऱ्यावर टाकलं नाही. एकदा फाटकाबाहेर प्राण्यांसाठी काम करणारी काही कॉलेजची मुलं आली होती. सुरक्षारक्षक त्यांना हाकलत होता. मॅडम बाहेर गेल्या. “तुम्ही ह्यांना मारता ना?” एका मुलीने विचारलं. “हो, मारते,” त्या म्हणाल्या. “आत या. काय करतो ते बघा, आणि मग मला शिव्या द्या.” दोघी-तिघी आल्या. त्यांतली एक रडली. मॅडमनी तिची समजूत घातली नाही, तिला पाणी दिलं.

त्यांनी नोकरी सोडली ती शेवटच्या अहवालावरून. माणसांवर उपचार सुरू करणाऱ्या डॉक्टरांकडे सगळं काम सोपवायचं होतं. धुमाळ सरांचं म्हणणं, नव्या पद्धतीच्या मेंढ्याच दाखवू, जुन्या घातल्या तर गोंधळ होईल. मॅडमचं म्हणणं, नेम कसा कसा चुकतो हे त्या डॉक्टरांना कळलं नाही, तर ते माणसांच्या डोक्यात नव्याने चुकून शिकतील. दोघांचं दोन तास चाललं. खोलीचं काचेचं दार बंद होतं तरी ‘हाय’ आणि ‘न्हाई’ बाहेर ऐकू येत होतं. मॅडम बाहेर आल्या, मामांना भेटल्या, मला म्हणाल्या, “पेरू चांगले होते,” आणि गेल्या. विदर्भात एका कॉलेजात शिकवायला लागल्या, असं कळलं.

त्यानंतर वर्षाच्या आतच नगरमध्ये एका सभागृहात तो कार्यक्रम झाला. माणसांवर उपचार करणार होते ते डॉक्टर आले होते, केतकर होते, मान्यवर होते. साळवे मॅडमना आमंत्रण नव्हतं. पडद्यावरची चित्रं बदलायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी बाजूला लॅपटॉप घेऊन बसलो होतो. कार्यक्रम सुरू होता होता मॅडम दारातून आत आल्या आणि सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

एक स्वयंसेविका लगबगीने आली. “मॅडम, ही खुर्ची पाहुण्यांसाठी आहे.”

“मी पाहुणीच आहे. संस्थेची नोकरी सोडली ना मी.”

धुमाळ सर बोलले छान. एकामागून एक चित्रं, प्रत्येकात पांढरी रेघ निशाण्याच्या मध्यावर. शेवटी त्यांनी विचारलं, काही शंका?

मॅडम उभ्या राहिल्या. “चुकलेल्या मेंढ्या कुठे आहेत?”

सर म्हणाले, “आजचा विषय नवी पद्धत हा आहे.”

“ही नवी पद्धत चुकलेल्या मेंढ्यांनी शिकवली. ह्या डॉक्टरांना उद्या माणसाच्या डोक्यात नळी घालायची आहे. त्यांना ते बघू द्या.”

“मॅडम, वेळ...”

“मला घाई नाही,” त्या म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या.

मागून कुणीतरी खोकलं. आयोजकांपैकी एक जण उठून त्यांच्याकडे निघाला. केतकरांनी हात वर करून त्याला थांबवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं थकलेलं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

“जगताप,” ते म्हणाले, “जुन्या लावा.”

मी पहिली लावली. निशाणा एका बाजूला, रेघ दुसरीकडे. मॅडम जागेवरून निघून पडद्याजवळ गेल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि त्या मेंदूच्या घड्या त्यांच्या साडीवर उमटल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“इथे जायचं होतं. इथे गेली. का गेली ते सांगते.”

डॉक्टर मंडळी खुर्च्या पुढे ओढून बसली. सर मंचावरून उतरले आणि मॅडमची रिकामी खुर्ची होती, तिच्यावर येऊन बसले. मॅडमचं लक्ष नव्हतं. त्यांनी ती मेंढी पूर्ण सांगून संपवली आणि मागे न बघताच हात हलवला.

“पुढची.”

मी पुढची लावली.